हरिबाच्या खोलीतली गजी

...तर उंब्रजहून सासऱ्यांचा रेडिओ पोत्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन मी गावात उतरलो, इथवर काल सांगून झालं होतं. चौथा रेडिओ होता तो. तीन आधीच हरिबाच्या खोलीत येऊन पडले होते. माणसाकडं एक रेडिओ असला तर तो बातम्या ऐकतो, दोन असले तर लोक म्हणतात पैसा झालाय. चार रेडिओ एकाच खोलीत बघितल्यावर टपालवाला दारातच थबकला. त्या काळी रेडिओला टपाल खात्याचं लायसन लागायचं. तो म्हणाला, चार लायसनं दाखवा. हरिबा बाजेवरनंच म्हणाला, "गाणं एकाबी रेडिओवर लावणार न्हाई. गाणं लागलं तर सांग, लायसन काढतो." टपालवाला बिचारा चहा पिऊन गेला.

पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी हरिबा कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा मधूनच सुरू करतो.

आमचं गाव म्हसवडच्या वरच्या अंगाला, माळावर. हरिबा आणि मी चौथीपर्यंत एका फळीवर बसलो. पुढं मी गावात राहिलो, तो पलटणीत गेला. सिग्नलमध्ये लाईनमन. डोंगरातून तार ओढायची, खांबावर चढायचं, तुटलेली तार अंधारात बोटांनी चाचपून जोडायची, असलं त्याचं काम. धनगराचं पोर, डोंगर त्याला नवा नव्हता. बहात्तर सालच्या शेवटाला जीप दरीत गेली. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात वर्ष काढून तो घरी आला आणि त्या खोलीत शिरला तो शिरलाच.

खोली म्हणजे दहा बाय बारा. वर पत्रा. एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं तोंड करून. हरिबाला पत्र्याच्या पन्हळी तोंडपाठ होत्या. चोपन्न. मी एकदा मोजल्या तर त्रेपन्न भरल्या. म्हणाला, एक भिंतीत गेल्याली हाय, ती मोज. त्याची बायको रंगुबाई. दसरा झाला की आमची मेंढरं कोकणात उतरतात, बिऱ्हाडं घोड्यावर लादून घरचे सगळे मागोमाग जातात. रंगुबाईनं लग्नापासून एकही वर्ष कोकण चुकवलं नव्हतं. आता मेंढरं गेली चुलतदीर गुंडाच्या कळपात आणि ती राहिली घरी, हरिबाची कूस बदलायला. एकदा ती मला म्हणाली, "भावजी, आमच्यात जित्राब भायेर आन् माणसं दावणीला." हसून म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

आता मानाचं. आमच्या बिरोबाच्या जत्रेत गजी निघते. ढोलवाला मध्ये उभा राहतो आणि गडी त्याच्याभोवती फेर धरून नाचतात. पंचवीस-तीस गडी, डोईला फेटे, हातात रुमाल. फेराचा म्होरक्या हातातली घुंगूरकाठी प्रत्येक पावलाला जमिनीवर आपटत चालतो. पाच चाली असतात. म्होरक्या बरोबर देवासमोर आला की ढोलवाल्यानं चाल बदलायची. पाऊलभर आधी बदलली किंवा पाऊलभर मागनं, तर अर्धा फेर जुन्या चालीत आणि अर्धा नव्या. मग गडी एकमेकांच्या पाठीवर आदळतात आणि गजी मोडते. गजी मोडणं म्हणजे आमच्यात ताटातली भाकरी कुत्र्यानं नेण्यासारखं.

तो मधला ढोल हरिबाच्या घराण्याचा. आज्यापासून. आणि नेम असा, की लागोपाठ तीन जत्रा त्या घराचा हात ढोलाला लागला नाही, तर मान भावकीतल्या पुढच्या घराला जायचा. पुढचं घर म्हणजे गुंडाचं. त्र्याहत्तरच्या जत्रेला हरिबा दवाखान्यात होता. ती एक. पुढच्या साली आम्ही त्याला बाजेसकट उचलून देवळापुढं नेला. मी स्वतः बाजेचा एक पाय धरला होता, म्हणून सांगतो. बाज खाली ठेवली आणि बाया पुढं आल्या. कुणी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, कुणी मेलेल्या पायांवर पाणी घातलं, एका म्हातारीनं मांडीवर चार आणे ठेवले. गडी फेर धरायचे सोडून त्याच्याकडंच बघत उभे. हरिबानं ढोलाचं टिपरू हातात धरलं होतं, ते वर उचललंच नाही. ढोल गुंडानं वाजवला. ती दुसरी. घरी आल्यावर हरिबा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, परत मला भायेर नेऊ नगा. आणि खरंच, त्यानंतर तो उंबऱ्याबाहेर आला नाही.

राहिली पंच्याहत्तरची जत्रा. ती तिसरी.

मी रोज संध्याकाळी त्याच्याकडं बसायचो. एकदा म्हणालो, हरिबा, दोनशे पावलांवर देऊळ, आम्ही पडदा धरतो बाजेभोवती.  त्यानं विचारलं, सांगलीच्या जुन्या बाजारात मोडके टेलिफोन मिळतात का? मला वाटलं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाटीवर चित्र काढून दाखवलं तेव्हा माझंच फिरलं.

त्याचं म्हणणं असं. ढोल खोलीत राहील आणि मी खोलीत राहीन. ढोलाचा आवाज तारेनं देवळापुढं जाईल. गडी तिथं नाचतील. आणि त्यांची पावलं तारेनं माझ्याकडं येतील. मी म्हटलं, मग एक माईक पुरे. तो म्हणाला, नाना, तू कवा ढोल घेऊन मधी उभा राहिलास? मधल्या माणसाला गजी भोवतीनं ऐकू येती. म्होरक्या कुठं हाय ते मान न वळवता कळतं. एका रेडिओतनं गजी ऐकणं म्हणजे दाराच्या फटीतनं जत्रा बघणं.

म्हणून चार. फेराच्या चार बाजूंना चार कान, खोलीत चार तोंडं. देवाकडचा त्याच्या समोर, चिंचेकडचा उजवीला, वेशीकडचा पाठीमागं, आडाकडचा डावीला. फेर जसा फिरेल तसा आवाज त्याच्याभोवती फिरणार.

मग काय, मी त्याचे पाय झालो. सांगलीला तीन खेपा झाल्या. मोडक्या टेलिफोनमधली बोलायची डबी चार, दुहेरी तार दोन मोठी भेंडोळी, टॉर्चचे सेल. ढोलासाठी एक माईक आणि अँप्लिफायर विट्याच्या मंडपवाल्यानं दिला, भोंग्यासह. हरिबा बाजेवर उताणा पडून रेडिओच्या पोटात हात घालायचा. लाईनमनची बोटं ती. तारांना कथलाचा डाग देताना रंगुबाई कंदील धरायची आणि म्हणायची, नवऱ्याचं तोंड दिवसात एवढा वेळ बघायला मिळालं हे बरंच झालं.

पोरांना मैदानात फेर धरायला लावून पहिली चाचणी घेतली, त्यात उंब्रजचा रेडिओ जोरात आणि बाकीचे मवाळ. फेर लंगडायला लागला. हरिबानं दोरी घेतली. एक टोक आपल्या कानाशी, दुसरं रेडिओला. चारही दोरीच्या एकाच मापावर आणले, त्याच्या कानाच्या उंचीला. तरी पावलांचा आवाज पत्र्यावर आदळून दुप्पट व्हायचा, एका पावलाची दोन व्हायची. मग चारी भिंतींना घोंगडी टांगली आणि पत्र्याच्या खालनं पोती ताणली. खोलीला आधीच उजेड कमी, आता तर ती मेंढराच्या पोटासारखी झाली, काळी आणि उबदार. पण आवाज कोरडा, स्वच्छ झाला. मिरजेहून आणलेला रेडिओ फार चिरका बोलायचा, त्याचं तोंड हरिबानं एका रिकाम्या रांजणाच्या गळ्याला लावायला सांगितलं. रांजण बोलायला लागला. मी आयुष्यात एवढा आनंदलो नसेन. पोरांनो, रांजणातून गडी चालत येतात हे तुम्ही ऐकलेलं नाही.

चारही जमले त्या दिवशी जत्रेचं मैदान मोकळंच होतं. मेंढरं चिंचेकडनं शिरली, वेशीकडनं बाहेर पडली. खोलीत ती हरिबाच्या उजव्या कानापासून पाठीमागं गेली. मी टाळ्या वाजवल्या. हरिबा मात्र म्हणाला, बंद कर. मी विचारलं, काय बिघडलं? "काय न्हाई बिघडलं. आदी वाटायचं जग खिडकीकडं हाय. आता कळलं, चारी बाजूनं हाय, आन् मीच तेवढा त्यात न्हाई." दोन दिवस त्यानं एकाही बटनाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाला, लाव.

खरा घोळ ढोलाचा झाला. खोलीत ढोल वाजवला की देवळापुढच्या भोंग्यातनं वाजायचा, तो भोंगा डब्यांना ऐकू जायचा, डब्यांतनं रेडिओत, रेडिओतनं पुन्हा ढोलाच्या माईकमध्ये. आणि मग जी काय शिट्टी सुटायची, गावातली कुत्री वेशीबाहेर पळायची. देवळाच्या गुरवानं दोनदा निरोप पाठवला. त्यातच भोंग्यातनं ढोल वाजतो तो पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. आणि माईक चालू राहिला तर हरिबाचं बोलणंही सगळ्या गावाला जायचं. मी मैदानात काठ्या रोवून डब्या बांधतोय आणि वरून भोंगा म्हणतोय, "नानासो, कमरंत वाकू नगंस, धोतार फाटलंय." आडावरच्या बाया हंडे टाकून हसल्या. मी घरी जाऊन धोतर बदललं. फाटलं नव्हतंच.

हरिबानं दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, पावलं वाऱ्यातनं कशाला ऐकायची, जमिनीतनं ऐकू. डबीला फळी लाव, मातीत पूर, तोंड खाली. ढोल वाऱ्यातनं जाईल, पावलं जमिनीतनं येतील, दोघांची वाट वेगळी. आणि भोंगा काढून मोठा गोल स्पीकर आणला, तो रंगुबाईच्या रिकाम्या कणगीच्या तोंडावर पालथा बांधला. कणगी, म्हणजे शेणानं सारवलेली धान्याची उभी कळकाची टोपली, मैदानाच्या मधोमध. ढोल असा घुमला की आकारामतात्या देवळाच्या पायरीवरनं उठून बघायला आले.

आकारामतात्या म्हणजे गजीचे जुने जाणते. मान कुणाचा हे तेच सांगणार. भावकी बसली. काही जण म्हणाले, ढोल देवापुढं पाहिजे, कणगीपुढं नाचायचं हे कुणी सांगितलं? गुंडा खाली मान घालून बसला होता. तात्यांनी तंबाखू मळली आणि विचारलं, "कोकणात पावसानं गाठलं तर बिरोबाच्या नावानं हाक मारता का न्हाई? त्यो हितनं ऐकतो का न्हाई? मग दोनशे पावलावरचा ढोल त्याला ऐकू यायचा न्हाई व्हय?"  पण त्यांनी एक अट घातली. गजी मोडली की मान गुंडाचा. तिथंच, त्या क्षणाला.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी आणि गुंडानं चारी डब्या पुरल्या. हो, गुंडानंच खड्डे खणले. मी विचारलं, तुझा मान जाणार आणि तूच खणतोस? म्हणाला, दादानं सांगितलं. देवाचं अंगण खणलं म्हणून मी प्रत्येक खड्ड्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि पायाखाली जाऊ नये म्हणून खुणेला एकेक दगड ठेवला. आमच्यात तसंच करतात. देवाची जमीन उकरली तर भंडारा टाकायचा. हे ध्यानात ठेवा.

उन्हं कलली आणि गजी उभी राहिली, म्होरक्या गुंडा. मी खोलीत, रेडिओच्या बटनांवर. रंगुबाई दारात. हरिबा वाकळांच्या ढिगाला टेकून बसलेला, पुढं घडवंचीवर ढोल, डोईला फेटा. बाहेर कुणाला दिसणार नव्हता तरी फेटा नवा बांधला होता. त्यानं पहिली थाप मारली आणि एक घटका गेल्यासारखी वाटली. मग चारी बाजूंनी पावलं उठली. काय सांगू. घोंगड्यांच्या मागनं गडी चालत होते. घुंगूरकाठी समोरनं उजवीला गेली, उजवीनं पाठीमागं. हरिबाचे डोळे मिटलेले. काठी डावीकडनं फिरून समोर आली तशी त्यानं चाल बदलली, आणि पंचवीस गड्यांची पावलं एका दमात बदलली. रंगुबाईनं पदर तोंडात धरला.

दुसरी चालही तशीच गेली. तिसरी चाल चालू असताना समोरचा रेडिओ आधी खरखरला, मग पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळला आणि बंद पडला. देवाकडचा. जिथं चाल बदलायची तिथलाच.

मी बटनं पिळली. तार हलवली. काही नाही. मी उठून दाराकडं निघालो तसा हरिबानं मान हलवली. ढोल न थांबवता. खरंच होतं, फेरात शिरून मी काय खणणार होतो? जाता येईना आणि बसवेना. त्या खोलीत वर्षभर रोज बसत होतो, पण त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की दार उघडं असून बाहेर जाता न येणं म्हणजे काय असतं.

काठी चिंचेकडनं वेशीकडं गेली, वेशीकडनं आडाकडं. मग आडाकडचीही लांब गेली, आणि समोर नुसतं काळं घोंगडं. हरिबा ओठांत मोजत होता. त्याच्या कानशिलावरनं घाम ओघळत होता. मी पण मोजायला लागलो, पण माझं गणित चौथीतलं. सहा, सात, आठ...

आणि एक ठोका आला. नेहमीचा नव्हे. कुणी पहार आपटावी तसा. उजवीकडच्या आणि डावीकडच्या, दोन्ही रेडिओंतनं एकदम आला, दोन्हीकडनं सारखाच. दोन्हीकडनं सारखा, म्हणजे मधोमध. हरिबाच्या टिपरूनं त्याच ठोक्यावर चाल बदलली आणि फेर तिच्याबरोबर वळला. चौथी चाल गेली. पाचवी चाल धरायच्या वेळीही तसाच एक ठोका, पहिल्याहून मोठा, रांजणसुद्धा थरथरला. शेवटची थाप पडली. गजी मोडली नव्हती.

बाहेर आरोळ्या उठल्या, भंडारा उधळल्याचा गलका झाला. मग लोक जेवायला पांगले. ते सगळं आम्हाला तीन रेडिओंतनं ऐकू येत होतं, पावलं दूर जाताना, कुणीतरी दगडाला अडखळताना. हरिबाच्या हातात टिपरू तसंच. कुणीही त्याचं नाव घेतलं नाही. पावलं थांबली, आणि मग तिन्ही रेडिओ नुसते गुणगुणत राहिले. तो त्यांच्याकडंच बघत होता, पुढचं काही येईल म्हणून.

मी पळत देवळापुढं गेलो. देवासमोरचा माझा खुणेचा दगड भंडाऱ्यानं पिवळाधमक, त्याला हळद, कुंकू, फुलं, आणि भोवती चिखल. चार घागरी तरी पाणी पडलं असावं. देवासमोर नवी माती, वर भंडारा आणि दगड, बायांनी काय समजायचं? नवं ठाणं प्रकटलं म्हणून ज्या त्या बाईनं पाणी घातलं होतं. तो भंडारा टाकणारा मीच. कुणाला बोलायची सोय नाही.

गुंडा तिथंच उभा होता. त्यानं बायांना पाणी घालताना नाचता नाचता पाहिलं होतं, आणि खाली काय पुरलंय हे त्याला माहीत होतं. त्याच्या घुंगूरकाठीच्या बुडाची लोखंडी टोपी फुटून बाजूला आली होती आणि कळक चांगला वीतभर उभा चिरला होता. काठी नुसती नेहमीसारखी टेकवली असती तरी मान त्याच्या घरी आला असता. मी काठीकडं बघितलं, त्यानं ती पाठीमागं घेतली.

आकारामतात्या आणि गुंडा माझ्याबरोबर खोलीवर आले. तात्यांनी उंबऱ्यात चपला काढल्या, ढोलाला हात लावून कपाळाला नेला आणि हरिबाला सांगितलं की मान तुझ्या घरात राहिला. हरिबानं मान डोलावली, एवढंच. रंगुबाई चुलीकडं वळली, चहाला. गुंडा दाराशी घुटमळत होता. त्याला आत यायचं होतं आणि यायचं नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "दादा, पुढच्या साली काय करायचं?"

हरिबानं टिपरू ढोलावर आडवं ठेवलं. गुंडाच्या पाठीमागनं ती चिरलेली काठी थोडी दिसत होती, तिच्याकडं त्यानं बराच वेळ बघितलं. मग जे बोलला ते असं:

"पुढच्या साली पानी देवाला घाला, माझ्या डबीला नगं. आन् काठी जरा बेतानं हान रं गुंडा. माझं पाय गेल्यात, कान न्हाई."